शिल्पाची चार महिन्यांची थाई

बंगळूरला चामराजपेटच्या बसथांब्यावर माझ्यापुढे दोघी बहिणी उभ्या होत्या. धाकटीची लेक चार महिन्यांपूर्वी बँकॉकला एका सत्रासाठी शिकायला गेलीय, हे बस यायच्या आत अख्ख्या रांगेला कळलं.

"अक्का, शिल्पा थाई बोलायला लागलीय."

"बरंच की ग!"

"कॉलेजात सगळं इंग्रजीत शिकवतात. मग थाई हवी कशाला?"

"भाजी आणायला लागत असेल."

"काल व्हिडिओ कॉलवर बोलून दाखवलं. 'तिखट कमी घाला.' 'अजून थोडं वाढा.' 'फार छान झालंय.'"

"पोटाला मिळतंय ना? अंड्याचा केकसुद्धा न खाणारी पोर ती."

"आणि मी दिलेलं मेतकूट अजून संपलेलं नाही."

"स्वल्प स्वल्प खात असेल."

"चार महिने?"

"उगाच संशय घेऊ नकोस."

"म्हणून सरळ विचारलं. म्हटलं, 'मी मासे-मटण खात नाही' हे थाईत कसं सांगतेस?"

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, थांब हं आई, फोनमध्ये बघून सांगते."