एक ऑगस्टची रिकामी वाट

मी, एउसेबिया तुपायाची, वय ४६ वर्षे, धंदा – पर्यटकांच्या डोंगरसफरी ठरवून देणे, राहणार सान ब्लास, कुस्को. मला कोणी बोलावलेले नसताना ठाण्यात समक्ष हजर होऊन सांगते ते असे की,

लिमाचे रेनातो बाराओना, वय ६३, निवृत्त शाळामास्तर, हे जुलैअखेर माझ्या दुकानी आले. त्यांना जुन्या इंका वाटेने पायी माचू पिच्चूला जायचे होते. त्या वाटेचे परवाने कित्येक महिने आधीच संपतात, आणि एकाच्या नावाचा दुसऱ्याला चालत नाही. हे सांगताच त्यांचा चेहरा पडला. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल म्हणून मी लगेच वाकाचाका खिंडीची वाट पुढे केली. मी म्हणाले, "परवाना नको, गर्दी नको. एक तारखेला निघा, चिटपाखरूसुद्धा दिसायचं नाही."

"इतकी चांगली वाट, मग लोक का जात नाहीत?"

"लोक म्हणजे मेंढरं हो मास्तर. एक गेलं की सगळी त्याच्याच मागं."

ते हसले. मीही हसले.

खरे उत्तर मला माहीत होते. त्या खिंडीखालचे वाकाचाका गाव माझे माहेर आहे. एक ऑगस्टला धरणीमातेचे तोंड उघडे असते, असे आम्ही मानतो. त्या दिवशी तिला कोकाची पाने आणि मक्याची दारू द्यायची. कुदळ मारायची नाही, डोंगर चढायचा नाही. कुरणांवरचे मेंढपाळही खाली गावात उतरतात. वाट रिकामी असते ती त्यामुळे. हे मी मास्तरांना सांगितले नाही.

खेचरवाला फाउस्तिनो सुत्ता याच्या मुलीची मी धर्ममाता आहे. त्यामुळे तो मला कोमाद्रे म्हणतो आणि मी त्याला कोम्पाद्रे. फोनवर तो म्हणाला, "कोमाद्रे, त्या दिवशी नको गं. दुसऱ्या दिवशी म्हण, मास्तरांना खांद्यावर बसवून नेतो."

मी म्हणाले, "पोरीच्या बारशाला चर्चमध्ये तिला हातात कुणी धरलं होतं? आणि तू मला तारखा सांगतोस?"

आमच्यात या नात्याने मागितलेले टाळता येत नाही. ते ठाऊक होते म्हणूनच मी तसे बोलले.

पुढचे मी पाहिलेले नाही, फाउस्तिनोने गावकऱ्यांना सांगितले ते सांगते. खिंडीखाली मास्तरांना दम लागला, ओठ निळे पडले. खेचरावर बसवले तर तोल जाऊ लागला. त्याने त्यांना दगडांच्या आडोशाला निजवले, स्वतःचा लोकरी पोंचो त्यांच्या अंगावर घातला आणि मेंढपाळांच्या घरांकडे धावला. पहिले घर बंद, दुसरेही बंद. तिसऱ्यात नुसता कुत्रा. तसाच गावापर्यंत पळत जाऊन तो चार माणसे घेऊन वर आला, तोवर मास्तर गेले होते. इंका वाटेवर त्या दिवशीही शेकडो माणसे असतात आणि कोणाच्या तरी पाठीवर प्राणवायूचे नळकांडे असते. मी त्या गर्दीला नावे ठेवली होती.

फाउस्तिनो मास्तरांना टाकून पळाला, अशी मास्तरांच्या मुलाची तक्रार आहे. फाउस्तिनोने आपल्या जबाबात सगळे स्वतःवर घेतले आहे. कोमाद्रेला तारखेचे भान नव्हते, असे त्याने म्हटले आहे. ते खोटे आहे. आता ठाण्यात शिरताना त्याने गजांआडून मला पाहिले आणि म्हणाला, "घरी जा, कोमाद्रे. पोरीला आपल्यापैकी एकजण तरी बाहेर हवा."

मी घरी गेले नाही. मास्तरांना मी फसवले आणि फाउस्तिनो यास जाण्यास भाग पाडले. मला लाज वाटते.

हा जबाब सार्जंटसाहेबांनी मला स्पॅनिशमध्ये, आणि मी आग्रह धरल्यावरून आमच्या केचुआ भाषेतही, कोठडीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "फाउस्तिनो यास जाण्याची विनंती केली" असे लिहिले होते. ते खोडून "भाग पाडले" असे लिहायला लावले आहे. बाकी मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

सही – एउसेबिया तुपायाची