पेशींचं जेवण आणि सरांचे हात

मी नसत्या चौकशा करते म्हणता ना, मग हे ऐका. आमच्या वरच्या मजल्यावर यवतमाळची नेहा राहते. रक्ताच्या कॅन्सरवर संशोधन करतात त्या प्रयोगशाळेत नवीनच लागलीये. परवा मी सहज विचारलं, "काय गं, भावाचं लग्न तोंडावर आलं, तुझी बॅग कुठे दिसत नाही?"

"मी नाही जाऊन राहिली, काकू. पेशींना एक दिवसाआड खायला घालावं लागते, नाही तर मरतात."

"मग दुसऱ्या वाढव!"

"एका पेशंट आजीनं स्वतःच्या रक्तातून दिल्यात. त्यांना पुन्हा सुई टोचू द्या म्हणू?" पोरीचे डोळे भरले.

"तुझे सर घालतील की."

"सरांना कसं सांगू? मी सगळ्यात लहान तिथं."

तिला डेंग्यू झाला तेव्हाच सरांचा नंबर मी घेऊन ठेवला होता. तिच्यासमोरच लावला. "अहो सर, मी नेहाच्या खालची काकू. तिच्या सख्ख्या भावाचं लग्न आहे, माहितीये का तुम्हाला?"

"अहो, ती बोललीच नाही! जाऊ दे तिला. पेशींचं मी बघतो."

"नुसतं बघू नका, खायला घाला. आणि आधी हात धुवा."

नेहानं कपाळावर हात मारला. पण गेली बाई लग्नाला!

मांडवातून तिचा फोन आला. "काकू, सरांनी पेशींचा फोटो पाठवलाय. खाली लिहिलंय, सगळ्या जेवल्या. हात धुतले होते, काकूंना कळव."