सुनेसाठी खोपटं

हाडांच्या दवाखान्यात बाकावर बसलेल्या शिक्षिकेला शेजारच्या सासऱ्या-सुनेचं बोलणं ऐकू येत होतं. सासऱ्यांचा हात गळ्यात अडकवलेला होता.

“बाबा, या वयात छपरावर चढायचं कशाला?”

“बांबू बांधून झाले होते गं. वर गवतानं शाकारायचं तेवढं राहिलं होतं.”

“बागेतल्या खोपट्यापायी हात मोडून घेतलात!”

“भंगारातली खिडकी बसवलीय, जुन्या पलंगाचं बाक केलंय. बघ तरी.”

“आणि तिथे बसणार कोण?”

“तू. घरात घटकाभर एकटं बसायला जागा नाही, म्हणालीस ना?”

“ते मी आईला फोनवर सांगत होते.”

“माझे कान अजून शाबूत आहेत. दाराला कडी फक्त आतल्या बाजूला बसवलीय.”

“आणि तुम्हाला यावंसं वाटलं तर?”

“दार वाजवीन.”

“...वाजवा. पण उरलेलं छप्पर मी शाकारणार. तुम्ही खालून नुसतं ओरडायचं.”