घण माझा, ऐरण माझ्या मापाची

माझं माहेर चकलांबा, दिलं तेलगावला, आन लग्नाच्या वर्षीच हातात कोयता आला. काय सांगू तुला पोरी, बारा हंगाम ऊस तोडला. मागच्या हंगामात गाडीवर मोळी चढवताना सोनीच्या पप्पांचा मणका धरला. डॉक्टर म्हणले, आता वजन उचलायचं न्हाई. म्हंजे यंदा सोनीला सोडून मी एकटीनं टोळीत जायचं, न्हाईतर गावातच काहीतरी काम काढायचं.

टोळीत धार लावायला समदे यांच्याकडंच यायचे, म्हणून हे म्हणले कोयतेच बनवू. मी म्हणलं, आपण काय लोहार हाव का? आन ऐरण कुठली? तर रहीमचाचा, आपले गॅरेजवाले, त्यांनी ट्रकचा तुटका एक्सल दिला, म्हणले ले जा बेटा, पडूनच हाय. त्याचा दांडा बाभळीच्या ओंडक्यात ठोकला, चकतीसारखं जाड तोंड वर ठेवलं, झाली ऐरण.

आता यांना वाकता येत न्हाई, म्हणून ओंडका ठेवला यांच्या कमरेएवढा. मोबाईलमधे बघितलं होतं, एकटा माणूस उभ्यानं ठोकतोय. पण इथं यांनी सांडशीनं गाडीच्या कमानीचा तापला पाटा धरायचा आन घण मारायचा मी. घण उचलला की लगेच ऐरण, जोरच लागंना, घाव तिरका. तीन पाटे चिरले, एकदा तर यांच्या बोटाजवळून गेला. हे खाली मान घालून म्हणले, ऐरणच खोटी हाय, मुकादमाला सांग टोळीत तुझं नाव घालायला. मी घण खाली ठेवला.

“घण मी मारनार, मग माप तुमचं कावून?”

मग यांनी मला मूठ खाली सोडून उभं केलं, मुठीच्या उंचीला भिंतीवर कोळशानं रेघ मारली. खड्डा मीच खणला, मुरूम लागस्तोवर, ओंडका त्या रेघेएवढा वर ठेवून गाडला, हे पालथ्या डब्यावर बसले. पहिला घाव पडला तो ठणकन, सरळ. मला रडूच आलं.

पहिला कोयता जाऊबाईंना दिला. त्यांनी वाळली बाभूळ तोडून बघितली, धार मुडपली न्हाई. म्हणल्या, आता तू घरी बस आन आमाला ऊसात धाड. मुकादम आला, मी न्हाई म्हणून सांगितलं.

परवा टोळीची गाडी दारावरून गेली. बारा वर्षांत पहिल्यांदा मी खाली उभी होते, सोनी दप्तर घेऊन माझ्याजवळ. जाऊबाईंनी वरून कोयता दाखवला. मी म्हणलं, सुखानं जा, हातीपायी धड माघारी या.

तवर आतून यांचा आवाज आला, ये लवकर, पाटा लाल झालाय.