मढच्या बाजूचा बाण

सुगंधा : मुलुंडपर्यंत आलात खऱ्या, पण ऑफिसच्या कागदावर सही हवी असेल तर आधीच सांगते, ह्यांच्या हाताला अजून पट्टी आहे.

सुलक्षणा : सही नको, वहिनी. गुणाजीदादांना बघायला आले. मी सुलक्षणा. समुद्राचे आकडे कॉम्प्युटरवर चढवते.

सुगंधा : म्हणजे फोनवर 'यंत्र आजच पाण्यातून काढा' म्हणणाऱ्या त्या तुम्हीच?

सुलक्षणा : हो. मीच.

गुणाजी : सुगंधा, गप रव. बाईंनी माका तारेत हात घालूक सांगूक नाय. यंत्र वयर काढताना लाट इली, तार घसारली, दोन बोटां गेली. बाई, त्या गुंडाळीत काय हाडलात?

सुलक्षणा : नकाशा आहे. वर्सोव्यासमोरचं पाणी कुठून कुठे वाहतं त्याचा. आपण जिथे जिथे प्रवाह मोजायचं यंत्र सोडलं होतं, तिथे एकेक बाण. कॉम्प्युटरच काढतो.

गुणाजी : झकास! बघ गो सुगंधा. ह्येतलो माझो खंयचो? त्या दिवशी काढलेल्या यंत्राचो?

सुलक्षणा : हा. मढच्या बाजूचा.

गुणाजी : बरो लांब हा. म्हंजे जोर होतो पाण्याक. पावण्यांका दाखवतलंय. सगळे इचारतत ना, बोटां कशासाठी घालवलंस म्हणान.

सुलक्षणा : दादा, नका दाखवू.

गुणाजी : कशाक?

सुलक्षणा : तो तुमच्या यंत्राचा नाही. त्यात गाळ शिरला होता. सगळे आकडे चुकीचे निघाले, फेकून द्यावे लागले.

सुगंधा : मग हा बाण आला कुठून?

सुलक्षणा : आजूबाजूच्या बाणांवरून कॉम्प्युटरने हिशेबाने काढला. आता एखादी जागा रिकामी असली तरी चालतं.

सुगंधा : आता चालतं. आणि तेव्हा?

सुलक्षणा : तेव्हा माझा प्रोग्रॅम अडून बसायचा. एक आकडा कमी, की नकाशा नाही; म्हणून त्या दिवशी 'आजच काढा' म्हटलं. दादा हॉस्पिटलात होते तेव्हा मी तो बदलला.

सुगंधा : किती वेळ लागला बदलायला?

सुलक्षणा : दोन दुपारी.

सुगंधा : दोन दुपारी! अहो, आधी नाही सुचलं?

सुलक्षणा : सुचलं होतं, वहिनी. कंटाळा केला. म्हटलं, यंत्र आहेच पाण्यात, आकडे येतीलच.

(गुणाजी नकाशा परत गुंडाळून बाजूला ठेवतो.)

गुणाजी : माझ्या जागेर आता बोटीर कोण जाता?

सुलक्षणा : धोंडू.

गुणाजी : वारो सुटलो तर त्येका धाडू नुको.

सुलक्षणा : नाही धाडत. साहेबांना स्पष्ट सांगितलंय, समुद्र खवळलेला असला तर कोणी जायचं नाही. नकाशा मी तसाच करून देईन.

गुणाजी : बरा केलंस.

सुलक्षणा : दादा, मला काहीतरी बोला. शिव्या द्या.

सुगंधा : तुम्ही निघा आता, बाई. परक्या माणसासमोर ह्यांना रडता येत नाही.