चौकातली मंडई

(भर दुपार. आत्याची खोली. नकाशे काढायच्या जुन्या टेबलावर चहाचे दोन कप.)

भाची : ...आणि मग मी भर सभेत उठले आणि चक्क तुझ्या मंडईच्या बाजूनं बोलले.

आत्या : तू? सकाळी इथून जाताना तर तिला ठोकळा म्हणून गेलीस.

भाची : ठोकळाच आहे. समोरचं दगडी नाट्यगृह बघ. कमानी, नक्षी, उतरतं ऊन पडलं की दगड मधासारखा दिसतो. आणि त्याच्यापुढ्यात तुझं करडं सिमेंट. मी पाहुण्यांना शहर दाखवत फिरते ना, चौकात आले की सगळे मंडईकडे पाठ करून फोटो काढतात.

आत्या : काढू देत. त्या नक्षीत कबुतरांखेरीज कोणाची सोय झालीय? माझ्या मंडईत एक खांब कोणाच्या आड येत नाही. दिवसभर उजेड मिळतो, पण ऊन लागत नाही. मला तेच देखणं वाटतं.

भाची : सोय वेगळी, रूप वेगळं.

आत्या : हे भांडण कालच झालंय आपलं. सभेचं सांग.

भाची : तू यायला हवं होतंस.

आत्या : स्वतः नकाशा काढून उभी केलेली इमारत पाडायचं ठरताना बघायला कोण जातं, ठमे?

भाची : ऐक तर. सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. नगररचनेचे साहेब म्हणाले, मंडईमुळे चौकाची शोभा जाते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी पडद्यावर नव्या इमारतीचं चित्र दाखवलं. आत्या, नाट्यगृहाची हुबेहूब नक्कल. कमानी प्लास्टरच्या, घुमट फायबरचा, आणि दगड म्हणजे दगडाच्या रंगाच्या फरशा. आत काय, तर गाड्यांचा तळ.

आत्या : अगं बाई.

भाची : माझं डोकंच फिरलं. माईक हिसकावलाच म्हण ना. म्हटलं, जुनं मला जिवापाड आवडतं, म्हणूनच हे सोंग नको. मंडई मला आवडत नाही, पण ती कोणाचं सोंग घेऊन उभी नाही. नाट्यगृह बांधलं तेव्हा तेही नवंकोरंच होतं. आणि म्हटलं, हात वर करायच्या आधी एकदा आत जाऊन तर या.

आत्या : गेलं कोणी?

भाची : अख्खी सभा उठून गेली. साहेबसुद्धा. मी मधोमध उभी राहून वर बघितलं. कागदाला घड्या घालाव्यात तसं ते छत, आणि प्रत्येक घडीतून उजेड कसा सावकाश खाली उतरतो. इतकी वर्षं मी दारातूनच माघारी फिरत होते गं.

आत्या : मग?

भाची : नाट्यगृहाइतकी सुंदर आहे असं नाही म्हणणार. त्यावर उद्याही भांडेन. पण पाहुण्यांना आता आधी आत नेईन.

आत्या : अगं, ठरलं काय ते सांगशील का?

भाची : मंडई राहतेय. पाडा म्हणणारे मोजकेच निघाले. आणि त्याच झपाट्यात दुसरा ठरावही झाला, तिला वारसा इमारत म्हणून जपायचं. नाट्यगृहाच्या बरोबरीनं. आता बोल.

आत्या : (टेबलाच्या खणातून मंडईचा नकाशा काढून उलगडते.)

भाची : आत्या? आनंद नाही झाला?

आत्या : झाला गं. पण वारसा कसला म्हणतात, उत्तरेकडच्या कोपऱ्यातली गळती काढायची राहिलीय माझी अजून.