वेल्डिंगचे डॉक्टर

नाही नाही, मी इथेच बरा आहे. ते मशीन उचलून माझ्या छातीशी आणू नका, निमेशभाई, काउंटरवरच राहू द्या — दिसतंय मला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तुमच्या दुकानाची पाटी मी पलीकडच्या फुटपाथवरून वाचली. हं. तर तुमचं म्हणणं, गॅसवालं घ्या. वायर आपोआप पुढे येते, बटण दाबलं की काम सुरू, नवशिक्याला सोपं. कबूल. पण काम कुठे करायचंय हे मी सांगितलं का? नाही सांगितलं. खारदांड्याला, भावाच्या घरासमोर, अगदी समुद्रावर. दुपारनंतर तिथे वारा असा सुटतो की वाळत घातलेले बोंबील आडवे उडतात. तुमचा गॅस त्या वाऱ्यात टिकणार किती? गॅस उडाला की वितळलेल्या लोखंडात हवा शिरली, आणि हवा शिरली की जोड आतून पावासारखा — नुसती भोकं. म्हणून गॅसवालं बाद. आणि ते तेलातल्या ट्रान्सफॉर्मरचं जुनं धूड दाखवूच नका, ते लावलं तर अख्ख्या आळीचे पंखे मंद होतील आणि बायका मला शिव्या घालतील. मला साधं रॉडचं द्या, इन्व्हर्टरवालं, गिझरच्या प्लगवर चालेल असं. बरोबर आहे ना माझं? मला वाटतं बरोबर आहे. चुकत असेन तर सांगा, मला चुकायची फार भीती वाटते, पहिल्यापासूनच.

कशासाठी म्हणजे? ट्रकसाठी. ट्रक म्हणजे आपला छोटा हत्ती हो, सेकंडहँड. माझ्या पुतणीचा, कल्पिताचा. ती मासे विकते. पूर्वी पाटी घेऊन बिल्डिंगमध्ये वर जायची, आता कुठे वर सोडतात? लिफ्टला वास लागतो म्हणे — खाताना लागत नाही वास! म्हणून तिने गाडी घेतली, मुलुंडच्या सोसायट्यांच्या गेटवर उभी करायची म्हणते. तर मागे चौकट पाहिजे. खाली बर्फाची खोकी, वर मासे मांडायला उतरता पाट, आणि पाट असा की बर्फाचं पाणी एका कोपऱ्यात जाऊन नळीने डब्यात पडेल, गेटसमोरच्या लादीवर नाही. लादीवर एक थेंब पडला की वॉचमन तिला हाकलणार. म्हणजे जोड पाणी धरणारा पाहिजे आणि खड्ड्यात गाडी आपटली तरी न तुटणारा पाहिजे. चित्र काढलंय मी. नंतर दाखवतो, आधी मशीन.

केबल दहा मीटरची द्या. पाचची नको. मशीन लांब राहिलेलं बरं. आणि दोन्ही केबल — रॉड धरायच्या होल्डरची आणि अर्थची — एकमेकींना चिकटवून टेपने बांधून द्या. असंच. पायात येत नाहीत. आणि करंटचा आकडा दिसला पाहिजे, नुसती फिरवायची घुंडी नको, एकशेसाठ अँपिअरच्या वर मला जायचंच नाही. मग दोनशेचं का घेतो? — घेतो. तुमचं काय जातंय? आणि ते कोपऱ्यातलं, लोखंडाला न टेकवता आपोआप ठिणगी पेटते ते, हाय फ्रीक्वेन्सीवालं — ते चालू नाही ना आत्ता? प्लग काढलाय? दाखवा. हं. आता हा होल्डर जरा हातात द्या. वजन बघतो.

काय बघताय? शर्टाचं बटण उघडं राहिलंय, उकडतंय म्हणून. छातीवर आहे ती गाठ नाही. गाठ असती तर तुम्ही विचारलं नसतंत, बाजूला बघितलं असतंत... ठीक आहे. पेसमेकर आहे. गेल्या दिवाळीनंतर बसवला. झालं समाधान? अहो, त्यात दचकण्यासारखं काय आहे, बॉम्ब नाही तो. आणि — फोन का उचललात? कोणाला? माझ्या मुलाचा नंबर मी तुम्हाला देणार नाही. काय म्हणालात? होल्डर... पुन्हा म्हणा. "द्या इकडे." नाही देत! नाही देत इकडे, निमेशभाई, आणि तो शब्द माझ्यासमोर पुन्हा काढू नका, तुझ्या — तुमच्या पाया पडतो हवं तर. घरात दिवसभर दुसरं ऐकतच नाही मी. भाजीची पिशवी उचलली, सर्वेश धावतो — बाबा, द्या इकडे. पार्ल्यात आमचा ब्लॉक पहिल्या मजल्यावर, पायऱ्या त्या किती, तरी सून खालपर्यंत येते, छत्री द्या इकडे. मिक्सरचं झाकण अडकलं, द्या इकडे. परवा पेपराची घडी घालत होतो, नातू म्हणाला, आजोबा, द्या इकडे! घडी! माझे हात काय फक्त द्यायला उरलेत? प्रेमानेच म्हणतात सगळे, मला कळतं ते, म्हणून तर ओरडता येत नाही. ओरडायला तुम्ही सापडलात. सॉरी.

पाणी नको. उभाच राहतो. ऐका — कल्पिताने गाडी आणली, नारळ फोडायला आम्ही सगळे दांड्याला गेलो होतो. चौकटीचं बोलणं निघालं, वाकोल्याचा फॅब्रिकेटर तिला रोज उद्या म्हणत होता. तर ही माझ्याकडे वळली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "अनंताकाका, तुम्ही वेल्डिंगचे डॉक्टर ना? मग करून द्या की!" करून द्या. कळला का फरक? द्या इकडे नाही, करून द्या. पेसमेकर बसवल्यापासून माझ्याकडे कोणीतरी पहिल्यांदा काहीतरी मागत होतं. आणि सर्वेश हसला. म्हणाला, "बाबा? बाबांनी आयुष्यात फक्त फळ्यावर वेल्डिंग केलंय." सगळे हसले. मी पण हसलो. आणि हसता हसता म्हटलं, करून देतो.

आता तुम्हाला वाटेल, सर्वेश खोटं बोलला. नाही. अगदी खरं बोलला. आमच्या दांड्याच्या लोकांचा आपला समज, दाताचा डॉक्टर दात काढतो तसा वेल्डिंगचा डॉक्टर वेल्डिंग करतो. मी धातुशास्त्र शिकवलं. जोडांना तडे का जातात यावर प्रबंध लिहिला, तीनशे पानं. बॉयलर फुटला, क्रेन पडली, की तुकडे माझ्या टेबलावर यायचे आणि मी सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगायचो — इथून तुटलं, या कारणाने तुटलं. कोणी म्हणालं नाही, सर, मग जोडून द्या. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. आता वाटतं. रात्री झोप लागत नाही इतकं वाटतं. पंचाहत्तरीला आलेला माणूस, आणि जगात दोन तुकडे असे नाहीत जे माझ्या हाताने एकत्र राहिलेत.

आणि मी मूर्ख नाही. डॉक्टरांना विचारून आलोय. ते म्हणाले, सर, कशाला करता हे? मी म्हटलं, कशाला ते सोडा, करता येईल का ते सांगा. मग त्यांनी पेसमेकरवाल्यांचं पुस्तक काढलं. एकशेसाठ अँपिअरच्या आत. मशीन लांब. केबल एकत्र बांधलेल्या. अर्थचा क्लँप जोडाच्या जवळ. ठिणगी छातीपासून हातभर दूर. रॉडने टकटक करत बसायचं नाही, एकदा पेटवणं फसलं की थोडं थांबायचं. कोरडे हातमोजे. आणि शेजारी माणूस पाहिजे. चक्कर आली की होल्डर टाकून बाजूला व्हायचं. पाठ आहे मला. झोपेत म्हणून दाखवीन. कल्पिताला जाळी हलवायला सांगितली आहेत, नायलॉनवर ठिणगी नको. पेसमेकरचंही सांगितलंय, ती म्हणाली, काका, मी बसते बाजूला. घाबरत नाही का मी? कालपासून घाबरतोय! पण घाबरणं हे काही न करण्याचं कारण होऊ शकत नाही, नाहीतर मी लग्नसुद्धा केलं नसतं. तेव्हा विकायचं तर विका. नसेल विकायचं तर याच रस्त्यावर आणखी दुकानं आहेत, आणि तिथे मी बटण लावून जाईन!

...काय? मागच्या अंगणात? आत्ता? नाही, म्हणजे — हो. हो, बघतो ना लावून. तुम्ही थांबाल शेजारी? चला.

मशीन तिथे दाराशी ठेवा. मी या टोकाला. क्लँप इथे, लोखंडी पट्टीलाच लावा. एक आडवी, तिच्यावर एक उभी, बस्स. करंट... साठ ठेवा. पुरेल साठ. ठेवा हो! तोंडावरची काच खाली केली की काहीच दिसत नाही की! — हां, टेकवलं — चिकटला. चिकटला रॉड. ओढा — थांबा, थोडं थांबायचंय. छाती? छाती ठीक आहे. पुन्हा. ... हां... हां हां हां... संपलं? संपलं एवढ्यात? ती वरची खपली फोडा. अहो! निमेशभाई, ही जोडाची रांग आहे! वाकडी आहे, कोंबडीने ओढल्यासारखी, पण रांग आहे! फोटो नको. हातोडा घ्या. उभीला आडवा मारा. माझं मन राखू नका, मुलुंडपर्यंत खड्डे काही मन राखणार नाहीत. जोरात.

तुटलं.

नाही, बोलू नका, बघू द्या. हे मला येतं. हे बघा, या पट्टीची कड अजून जशीच्या तशी आहे. खालचं लोखंड वितळलंच नाही. माझी रांग वर नुसती बसली होती, भिंतीवरच्या पोपड्यासारखी. करंट कमी पडला. पुस्तक म्हणतं एकशेसाठपर्यंत चालेल. तुम्ही किती म्हणत होतात मघाशी, या रॉडला? नव्वद. आणि मी साठ ठेवला. सर्वेशने नाही ठेवला, डॉक्टरांनी नाही, मीच. मीच माझ्या हातातून काढून घेतला, द्या इकडे म्हणून...

वाढवा. नव्वद करा. माझ्या तोंडाकडे काय बघताय, आकड्याकडे बघा. होल्डर मी दोन्ही हातांनी धरतो. नवीन पट्ट्या लावा. खिशात फोन वाजतोय तो सर्वेशचा असेल, वाजू दे. वाढवा म्हटलं ना! — हां. आता काच खाली घ्या तुमची, आणि सरका बाजूला.